सोय

माझ्या डोक्यावरचा भोवरा डावीकडे फिरतो, बहिणीचा उजवीकडे. ती उजव्या हाताने लिहिते, मी डाव्या. लहानपणी समोरासमोर बसून जेवायचो तेव्हा एकच मुलगी आरशासमोर जेवतेय असं वाटायचं, असं आई अजून सांगते. आम्ही एकाच बीजातून झालेल्या जुळ्या. ती ११ मिनिटं आधी जन्माला आली म्हणून घरात ती मोठी आणि मी धाकटी. त्या ११ मिनिटांचा मान मी आजवर राखत आलेय.

दर १००० बाळंतपणांमागे साधारण ३ ते ४ वेळा असं होतं. एक फलित बीज, पहिल्या काही दिवसांत त्याचे दोन भाग होतात आणि दोन माणसं जन्माला येतात. जनुकं तीच. क्लोन म्हणजे काय, हे शाळेत शिकवताना बाई माझ्याकडे आणि मोठीकडे बोट दाखवायच्या आणि सगळा वर्ग वळून बघायचा. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

पस्तिशीला टेकता टेकता मोठीच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. तिच्या डाव्या हातावर फिस्टुला केला होता, म्हणजे मनगटाच्या वर शीर आणि धमनी एकमेकींना जोडली होती. तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी सतत घरघरतंय असं लागायचं. मांजराच्या गळ्यावर हात ठेवल्यावर लागतं तसं. ती थरथर थांबली तर लगेच दवाखान्यात या, असं सांगितलेलं. रात्री ती झोपली की मी हळूच बोट ठेवून बघायची. घरघर लागली की आपल्या अंथरुणावर परत.

किडनी बदलायची ठरली आणि घरात कुणीतरी, अगदी मायेने, म्हणालं, "देवाने आधीच सोय करून ठेवलीय बघ." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. जुळ्या बहिणीची किडनी म्हणजे शरीर तिला परकी मानणारच नाही, आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं जवळजवळ लागणारच नाहीत, यापेक्षा चांगलं काय असणार? हे सगळं खरंच होतं. फक्त 'सोय' हा शब्द मला त्या रात्री झोपू देईना. पाहुण्यांची सोय करतात. पाण्याची सोय करतात. माझी मोठीवर इतकी माया होती की मी दोन्ही दिल्या असत्या, आणि तरी तो शब्द टोचत राहिला.

तपासण्या सुरू झाल्या. माझ्या नेहमीपेक्षा जास्तच झाल्या, कारण जनुकं एकच असतील तर तिला झालेला आजार उद्या मलाही होऊ शकतो आणि तसं असेल तर एक किडनी काढून घेणं म्हणजे दोघींना खड्ड्यात घालणं. हा विचार घरात कुणाच्याही मनात आला नव्हता. माझ्याही. डॉक्टरांच्या आला.

एके दिवशी डॉक्टरबाईंनी मला एकटीलाच आत बोलावलं. नवरा उठला तर त्याला म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा. दार लावून घेतलं. टेबलावर माझी फाइल होती, ती त्यांनी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला द्यायची नसेल तर फक्त मला सांगा. घरच्यांना मी एवढंच सांगेन की तुमची किडनी देण्याजोगी नाही. कारण कुणालाही कळणार नाही. तुमच्या बहिणीलासुद्धा नाही."

मला आधी रागच आला. ही बाई मला कोण समजते? मी "देणारच आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार ठेवायची वेळच आली नव्हती. त्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदकाटा टक्टक् न करता सरकत जाणारा होता. मी त्याच्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "विचार करून सांगते." त्या म्हणाल्या, "हवा तेवढा वेळ घ्या."

तीन दिवसांनी मी हो सांगितलं. ऑपरेशन झालं. माझी किडनी तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला बसवली आणि टाके घालण्याआधीच ती काम करायला लागली. पुढचे काही महिने मला जड उचलायला बंदी होती, म्हणून मी वाचत बसले. जे वाचलं त्यातून हा लेख निघालाय.

किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं तेच जुळ्या भावांमध्ये. बॉस्टन, २३ डिसेंबर १९५४. जोसेफ मरे आणि त्यांचे सहकारी. दोघे भाऊ खरोखर एकाच बीजाचे आहेत ना, याची खात्री करायला एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला, बोटांचे ठसे घेतले. पण डॉक्टरांना झोप लागू देत नव्हता तो प्रश्न वेगळाच होता. धडधाकट माणसाच्या शरीरावर, त्याच्या काहीही फायद्याची नसलेली मोठी शस्त्रक्रिया करायचा वैद्याला अधिकार आहे का? त्यांनी इतर डॉक्टरांना विचारलं, धर्मगुरूंना विचारलं, वकिलांना विचारलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आजारी भावाने दुसऱ्याला चिठ्ठी पाठवली, की तू इथून निघून घरी जा. त्याने उलट लिहून पाठवलं, की मी इथेच आहे आणि इथेच राहणार. आजारी भाऊ त्यानंतर ८ वर्षं जगला. किडनी देणारा ७९ वर्षांचा होऊन गेला.

त्यानंतर तीनच वर्षांत त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे जुळ्या मुलांची तीन प्रकरणं आली. देणारे कायद्याने अजाण होते, दोन तर १४ वर्षांचे. मुलाला ऑपरेशनचा अर्थ कळतो का, तो स्वतःहून तयार आहे का, हे बघितलं गेलं. आणि परवानगी देताना आधार घेतला तो असा, की भाऊ मेला तर मागे राहिलेल्याच्या मनावर होणारा आघात मोठा असेल, म्हणून देण्यात देणाऱ्याचंही हित आहे. हा युक्तिवाद मला पूर्ण पटलेला नाही. १४ वर्षांचं पोर आईबापांसमोर नाही कसं म्हणेल? पण तिथे कुणीतरी थांबून विचारलं होतं, की यात याचं काय?

क्लोनिंगबद्दल वाचायला घेतलं तेव्हा मी हाच प्रश्न शोधत होते आणि तो फार कमी ठिकाणी सापडला.

डॉली या क्लोन मेंढीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. स्कॉटलंडमधली रोझलिन संस्था, इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल, ५ जुलै १९९६. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या स्तनग्रंथीतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकलं, दोन्हींचा विजेच्या झटक्याने संयोग केला. एकदा घडलेली, आपलं काम ठरलेली पेशी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकात हे करून दाखवलं होतं, पण सस्तन प्राण्यात, तेही पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पेशीपासून, हे होईल असं फार थोड्यांना वाटत होतं. विज्ञान म्हणून त्यापुढे हात जोडावेत असंच ते आहे.

मात्र त्या गोष्टीतला आकडा २७७ आहे. तेवढी बीजांडं जोडली. त्यातून २९ भ्रूण तयार झाले, ते १३ मेंढ्यांच्या पोटात सोडले आणि एकच कोकरू जन्माला आलं. त्या १३ जणींतल्या बाकीच्या बाराजणींचं नाव कुठे येत नाही. २००५ मध्ये दक्षिण कोरियात पहिला क्लोन कुत्रा जन्मला, स्नपी. त्यासाठी १०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या पोटात ठेवले गेले. तीन गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली, त्यातलं एक तीन आठवड्यांत न्यूमोनियाने गेलं. गुरांमध्ये तर गर्भ प्रमाणाबाहेर वाढतो, नाळ बिघडते आणि वासराबरोबर गाईच्याही जिवावर बेततं.

डॉली स्वतः २००३ मध्ये गेली. फुप्फुसात गाठी झाल्या होत्या, तिला वेदना नकोत म्हणून औषध देऊन कायमचं झोपवलं. त्या गाठी एका विषाणूमुळे होत्या, मेंढ्यांमध्ये तो आजार असतोच, तेव्हा क्लोन होती म्हणून ती लवकर गेली असं म्हणणं चूक आहे. लोक अजून तसं म्हणतात. क्लोनिंगला विरोध करायला खोटी कारणं लागत नाहीत, खरी पुरेशी आहेत.

ज्या कोरियन संशोधकाने स्नपी केला, त्याच ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये जाहीर केलं होतं की मानवी भ्रूण क्लोन करून त्यातून स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, मिळवल्या आहेत. सरकारने टपाल तिकीट काढलं. तिकिटावर चाकांच्या खुर्चीतून उठून उभा राहणारा माणूस होता. ते चित्र मी बराच वेळ बघितलं. मोठी डायलिसिसच्या खुर्चीत होती तेव्हा मला कुणी ते दाखवलं असतं, तर मी काहीही विचारलं नसतं. नंतर कळलं की स्टेम सेलचे ते दावे बनावट होते. २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. जगाला धक्का बसला तो खोट्याचा. मला बसला तो वेगळा. या प्रयोगांसाठी २००० हून जास्त स्त्रीबीजं वापरली गेली होती आणि ती देणाऱ्यांमध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या हाताखालच्या संशोधक मुली होत्या.

स्त्रीबीज देणं म्हणजे रक्त देणं नव्हे. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, एरवी महिन्याला एक पिकतं तिथे एकदम अनेक बीजं पिकवायची, मग गुंगी देऊन सुईने ती ओढून घ्यायची. कधीकधी बीजकोश सुजतात, पोटात पाणी होतं आणि क्वचित जिवावर येतं. आणि समोर मागणारा कोण? तुमची पदवी, तुमचं नाव, तुमची पुढची नोकरी ज्याच्या हातात आहे तो. त्या मुलींनी हो म्हटलं असेल. मीही मान डोलावली होतीच की. त्या मुलींना दार लावून, फाइल मिटून कुणी विचारलं होतं का, नको असेल तर मला सांगा म्हणून?

क्लोनिंगवर वाद होतात ते बहुतेक भ्रूणावर होतात. भ्रूण म्हणजे माणूस की पेशींचा पुंजका? मला त्यात उतरायला भीती वाटायची, पण एक गोष्ट वाचून मी थबकले. १९८४ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नक यांच्या समितीने ब्रिटनला सुचवलं, की प्रयोगशाळेतलं मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायचं नाही. १९९० मध्ये तसा कायदा झाला. १४च का? कारण त्या सुमाराला भ्रूणावर एक बारीक रेघ उमटते, शरीराचा कणा कुठून कुठे जाणार त्याची पहिली खूण. आणि ती रेघ उमटली की भ्रूणाचे दोन होण्याची शक्यता जवळपास संपते. म्हणजे तोवर एकच माणूस होणार की दोन, हेही ठरलेलं नसतं.

हे मी मोठीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण तेव्हा 'आपण' नव्हतो." मला ही सीमा योग्य वाटते. ती निसर्गाने आखलेली पवित्र रेघ आहे असं मी मानत नाही, माणसांनी बसून, भांडून ठरवलेली आहे, आणि म्हणूनच ती सरकवायची वेळ आली तर पुन्हा बसून, भांडूनच सरकवावी.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये शुखरत मितालिपोव्ह यांच्या गटाने २०१३ मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून स्टेम सेल खरोखरच मिळवल्या. पण तोवर दुसरी वाट निघाली होती. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये फक्त चार जनुकं घालून त्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत आणल्या. बीजांड नको, भ्रूण नको. यामानाका यांनी सांगितलंय, की मित्राच्या वंध्यत्व उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहताना त्यांना आपल्या मुली आठवल्या आणि दुसरा काही मार्ग असला पाहिजे असं वाटलं. २०१२ मध्ये गर्डन आणि त्यांना मिळून नोबेल मिळालं. नीतीचा प्रश्न विज्ञानाच्या पायात खोडा घालतो, असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. त्याच प्रश्नाने इथे वाट काढायला लावली.

मग किडनीचं काय? मार्च २०२४ मध्ये, पुन्हा बॉस्टनमध्येच, ६२ वर्षांच्या एका माणसाला डुकराची किडनी बसवली. त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते. बदल आधी पेशीत करायचे आणि मग त्या पेशीचं केंद्रक बीजांडात घालायचं, म्हणजे डॉलीचीच रीत. मेंढीपासून निघालेला रस्ता असा थेट माझ्या घरापर्यंत येतो. तो माणूस दोन महिन्यांनी गेला, मृत्यू प्रत्यारोपणामुळे झाल्याचं काही दिसत नाही असं रुग्णालयाने सांगितलं. त्या डुकराला कुणी विचारू शकत नाही. ते जन्मालाच घातलेलं असतं कुणाची तरी सोय म्हणून. आणि तरी, माझी किडनी जुळली नसती आणि डॉक्टरांनी अशी किडनी पुढे केली असती तर मी मोठीसाठी ती घेतली असती. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण खरं तेच आहे. माझी मागणी एवढीच, की किती जनावरं लागली, किती मेली, कशी मेली, हे यशाच्या बातमीच्या शेजारीच छापावं.

पूर्ण माणूस क्लोन करण्याबद्दल मात्र माझ्या मनात कसलाही गोंधळ उरलेला नाही. ब्रिटनने २००१ मध्ये त्यावर कायद्याने बंदी घातली, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्याविरुद्ध ठराव केला, तो बंधनकारक नाही. २७७ चा आकडा माणसांवर करून बघायचा कुणालाही अधिकार नाही, हे तर झालंच. पण समजा उद्या तंत्र निर्धोक झालं. गेलेलं मूल परत हवं असलेल्या आईबापांपुढे मी काय बोलणार? मी त्यांना सीसीबद्दल सांगेन. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेली ही पहिली क्लोन मांजर. जिच्यापासून ती केली ती तिरंगी होती, काळी-पांढरी-नारिंगी. सीसीच्या अंगावर नारिंगी ठिपकासुद्धा नव्हता. जनुकं तीच, पण त्यातलं कुठलं कुठे जागं होईल आणि कुठलं झोपून राहील हे दर वेळी सारखंच नसतं. माझा भोवरा डावीकडे फिरतो. गेलेलं मूल परत येणार नाही. जे येईल ते तिसरंच कुणीतरी असेल आणि त्याला रोज दुसऱ्याच्या फोटोशेजारी उभं करून बघितलं जाईल. लहानपणी निकालाच्या दिवशी आम्हा दोघींना असं शेजारी उभं करायचे. आम्हाला निदान एकमेकींचा हात धरता यायचा.

क्लोन हा शब्द मूळचा बागेतला. ग्रीकमधला त्याचा अर्थ डहाळी. गुलाबाची फांदी तिरकी छाटून मातीत खोवली की तेच झाड पुन्हा उगवतं, आपण त्याला छाटकलम म्हणतो. माझ्या गच्चीत मोठीकडच्या गुलाबाचं असं एक कलम आहे. त्याला फुलं जरा उशिरा येतात.

ऑपरेशनला आता सहा वर्षं होतील. तिच्या हातावरचा फिस्टुला अजून आहे, पण गरज नसल्याने त्याची थरथर मंद होत गेली आणि एक दिवस थांबली. मागच्या तपासणीला आम्ही दोघी बरोबर गेलो होतो. बाहेर बाकावर नंबर यायची वाट बघत होतो, तेव्हा मी पहिल्यांदा तिला त्या बंद खोलीबद्दल सांगितलं. घड्याळाबद्दल, तीन दिवसांबद्दल. मला वाटलं ती दुखावेल.

ती म्हणाली, "मलाही विचारलं होतं. एकटीला बोलावून. घ्यायची आहे का म्हणून. मी नाही म्हणाले होते."

"कधी?"

"तुला विचारायच्या आधीच. तू सगळ्यांसमोर लगेच मान डोलावलीस ना, तेव्हाच ठरवलं होतं नाही घ्यायची."

"मग?"

"मग त्या दिवशी तू त्या खोलीतून बाहेर आलीस आणि संध्याकाळभर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. जेवतानासुद्धा नाही. म्हटलं, ही आता खरंच विचार करतेय." आतून आमचा नंबर पुकारला. ती उठली, पदर सारखा केला. "म्हटलं, आता हो म्हणाली तर घेईन."